धाकटा टपावर, मी खिळ्यावर

मला दिवा म्हणायचं की दिव्याचा नुसता सांगाडा, हे तुम्हीच ठरवा, मित्रांनो. मी जुना आहे, एवढं मात्र कुणी नाकारणार नाही. रत्नागिरीत नाचण्याच्या रस्त्यावर आत्माराम वायरमनचं दुकान आहे. चिऱ्याच्या भिंती आणि वर पत्रा. त्या दुकानात, दाराच्या बरोबर समोर, एका मोठ्या खिळ्याला मी टांगलेला आहे. चांगला चार फूट लांब, खाली ॲल्युमिनियमची पट्टी आणि वर निळ्या काचा. अँब्युलन्सच्या टपावर आडवा बसतो आणि फोटोच्या फ्लॅशसारखा लखलख करतो, तो दिवा मी. इंग्रजी शिकलेले लोक मला लाइटबार म्हणतात. आत्माराम मला थोरला म्हणतो.

आता तुम्ही विचाराल, मग धाकटा कोण? त्याचं नाव निघालं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पण त्याला वगळून माझी गोष्ट सांगताच येत नाही, हे माझं दुर्दैव.

आम्ही दोघे परदेशातल्या एकाच कारखान्यात तयार झालो. एकच साचा, एकच काच, एकच रंग. दोघेही तिकडच्या अँब्युलन्सच्या टपावर कित्येक वर्षं राबलो. मी बर्फात लखलखलो, धुक्यात लखलखलो, आणि एकदाही विझलो नाही. पुढे माझी गाडी मोडीत निघाली. तिथल्या कामगाराला घरी जायची घाई होती. त्याने बोल्ट सोडवण्याचे कष्ट घेतले नाहीत. ज्या दोन पायांवर मी टपाला घट्ट बसायचो, ते पायच करवतीने कापून त्याने मला खाली उतरवलं. धाकट्याला मात्र कुणीतरी नीट, एकेक बोल्ट सोडवून उतरवलं. त्याचं नशीब तिथपासूनच जोरावर आहे.

भंगाराच्या जहाजातून आम्ही मुंबईला आलो. आत्माराम गाड्यांचं सामान आणायला तिथल्या जुन्या बाजारात गेला होता. आमच्या भागातल्या मुंबईकर चाकरमान्यांनी वर्गणी काढून गावांसाठी एक जुनी मेटॅडोर घेतली होती आणि तिची अँब्युलन्स केली होती. तिच्या टपावर बसवायला त्याला दिवा हवा होता. त्याने आम्हा दोघांना एका गोणपाटात बांधलं आणि एसटीच्या टपावर टाकून रत्नागिरीला आणलं. दुकानात पोतं सोडलं तेव्हा आधी मी बाहेर आलो, म्हणून मी थोरला.

मित्रांनो, आत्मारामच्या हातांचं कौतुक मी करीन, कारण ते खोटं नाही. त्याने आम्हाला पार मोकळं केलं. तांब्याच्या टोकांवर हिरवा गंज चढला होता. शालनवहिनी, म्हणजे आत्मारामची बायको, घरातली तांब्याची भांडी आमसुलाने घासते. त्याने तिच्याकडून भिजवलेली आमसुलं मागून घेतली आणि आमची टोकं त्यांनीच घासली, धुतली आणि उन्हात वाळवली. कुजलेल्या वायरी काढून नव्या ओढल्या, प्रत्येक जोडाला कथलाचा डाग दिला. पिवळट पडलेल्या काचा दातांच्या पांढऱ्या पावडरीने घासून चकचकीत केल्या. पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलं मला.

मग त्याने आमच्या पेट्या तपासल्या. आमच्या पोटात एक पेटी असते. गाडीच्या बॅटरीचे बारा व्होल्ट ती घेते, त्यांचे शेकडो व्होल्ट करते आणि काचेच्या नळीत सोडते. मगच लखकन उजेड पडतो. पेटी म्हणजे आमचं काळीजच. माझी पेटी ठणठणीत होती. धाकट्याची जळून काळी पडली होती.

तुम्हाला वाटेल, प्रश्नच मिटला. मलाही तसंच वाटलं. मी मनातल्या मनात टपावर जाऊन बसलोसुद्धा. पण आत्माराम बराच वेळ माझ्या कापलेल्या पायांकडे पाहत राहिला. मग त्याने पेचकस उचलला आणि माझी पेटी काढली.

"थोरल्या, तुला पाय नायत," तो म्हणाला. "पेटी धाकट्याला देतंय. तुला दुसरी आणीन."

दिलेला शब्द तो विसरला, असं मी म्हणणार नाही. मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाला तो ती पेटी शोधायला सांगायचा. गणपतीला माणसं यायची, शिमग्याला यायची. येताना ट्रान्झिस्टर आणायची, नायलॉनच्या साड्या आणायची, एकाने तर भिंतीवरचं घड्याळ आणलं. पेटी कुणी आणली नाही. दारात बॅग उघडली की मी डोकावून पाहायचो आणि पुन्हा खिळ्यावर गप्प राहायचो.

आणि धाकटा? त्याचा थाट काय सांगू! ज्या दिवशी तो टपावर चढला त्या दिवशी त्याला झेंडूची माळ घातली, हळद-कुंकू लावलं, पुढच्या चाकाखाली नारळ फोडला. वर्गणी काढणाऱ्या मुंबईकरांच्या मंडळाचे एक गृहस्थ भाषण करताना म्हणाले की असा दिवा साऱ्या जिल्ह्यात नाही. माझी पेटी त्याच्या पोटात धडधडत होती आणि टाळ्या त्याला पडत होत्या. दर दसऱ्याला पुन्हा तेच. मला दसऱ्याला काय मिळायचं, तर आत्माराम हत्यारांची पूजा करताना उरलेलं एक आंब्याचं पान माझ्या वायरीत खोचायचा.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. संध्याकाळी गाडी आमच्या रस्त्याने जायची. धाकट्याचा निळा झोत दारातून सरळ आत यायचा आणि माझ्या काचांवर पडायचा. दुकानात आलेली शाळेतली मुलं ओरडायची, "हा बघ, हा पण पेटला!" उजेड त्याचा आणि चमकायचो मी. अपमान याहून मोठा असेल, तर मला ठाऊक नाही. गाडी पुढे गेली की मुलांचा हिरमोड व्हायचा आणि माझा जळफळाट.

गाडीचा ड्रायव्हर होता धोंडू. मिरकरवाड्याचा, होड्यांवर वाढलेला, मनाने अगदी सरळ माणूस. धाकट्यावर त्याचा भारी जीव. स्वतःचं तोंड धुवायच्या आधी तो धाकट्याची काच पुसायचा. गाडीच्या बऱ्याच फेऱ्या भाट्याच्या पुलावरून, समुद्राच्या कडेने पावस गावाच्या अंगाला असायच्या. खारा वारा लागून काचेवर मिठाचा पांढरा थर बसायचा. ते मीठ आत शिरेल, धाकट्याला खाईल, या काळजीने धोंडूला चैन पडेना. आत्मारामला विचारावं, असं काही त्याला सुचलं नाही. खाऱ्या पाण्यावरचा उपाय त्याच्या घरात पिढ्यानपिढ्या होताच. पावसाळ्याआधी होडी किनाऱ्यावर ओढली की तिच्या लाकडाला मुशीचं तेल चोळतात. मुशी हा मोठा मासा. त्याच्या तेलाने लाकूड टिकतं आणि पाणी आत येत नाही. धोंडूने घरून त्याच तेलाची बाटली आणली. धाकट्याची काच आणि पट्टी यांच्यामध्ये रबराची पट्टी असते, तिला तो दर आठवड्याला बोटाने तेल चोळू लागला.

मित्रांनो, त्या तेलाचा वास इतका उग्र की गाडी वळणावर यायच्या आधी वास दुकानात यायचा. गाडी कुठे उभी राहिली की गावातली मांजरं टपावर जमायची आणि धाकट्याला चाटत बसायची. एकदा दोन बोके त्याच्यावरून भांडले. मी खिळ्यावर होतो, पण त्या दिवसांत मी फार सुखात होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

लाकडाला जे मानवतं ते रबराला मानवत नाही. तेल पिऊन पिऊन धाकट्याचं रबर फुगलं, मऊ पडलं आणि जागचं सुटलं. फटीतून खारं पाणी आत गेलं. चैत्राच्या शेवटी त्याची डावी बाजू अडखळायला लागली आणि वैशाखात एके दिवशी पाणी गरम नळीला लागून नळीच तडकली. डावीकडची काचही उकलली. फ्यूज उडाला आणि धाकटा विझला.

त्याला आत्मारामच्या बाकावर आणून ठेवलं, माझ्या अगदी नजरेसमोर. आत्मारामने झाकण उघडलं, रबर दोन बोटांत धरून दाबलं, वास घेतला आणि धोंडूकडे पाहिलं. धोंडूने सगळं सांगून टाकलं.

"होडी लाकडाची, धोंडू. तिला तेल पाजलं तर बरं वाटतं," आत्माराम शांतपणे म्हणाला. "रबराला नाय सोसत ता."

धोंडू पायरीवर जाऊन बसला. चहा आला तो त्याने घेतला नाही. त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण माझं सगळं लक्ष बाकावर होतं. कारण आत्मारामने धाकट्याच्या पोटातून पेटी बाहेर काढली होती, आणि ती शाबूत होती. माझी पेटी. इतक्या वर्षांनी ती मला पुन्हा दिसत होती.

आत्माराम विचार करत उभा राहिला. धाकट्याची एक नळी गेली होती, काच गेली होती, आतल्या पट्टीवर पांढरा गंज चढला होता. मी दुकानाच्या सावलीत राहिलो होतो. ना ऊन लागलं, ना खारा वारा. माझ्या दोन्ही नळ्या आणि दोन्ही काचा जशाच्या तशा होत्या. तो म्हणाला की आता ॲल्युमिनियम जोडणारा वेल्डर इथे आलाय, उद्या त्याच्याकडून थोरल्याला नवे पाय करून घेऊ आणि थोरलाच टपावर चढवू. त्याने मला खिळ्यावरून काढलं, बाकावर ठेवलं, धूळ पुसली, पेटी माझ्या पोटात बसवली आणि बॅटरीच्या वायरी जोडल्या. धोंडूला हात मागे घ्यायला सांगितलं, कारण त्या पेटीचा झटका वाईट असतो.

पेटी बारीक आवाजात गुणगुणायला लागली. आणि मी पेटलो.

काय सांगू तुम्हाला! भिंती निळ्या झाल्या, पत्रा निळा झाला, रस्त्यावरून जाणारी माणसं थांबली. शालनवहिनी पिठाचे हात घेऊन मागच्या दारातून बाहेर आली आणि म्हणाली की हा तर धाकट्यापेक्षा लखलखीत आहे. मी ते ऐकलं. शेजारी धाकटा उघडा पडला होता, रिकाम्या पोटाने, आणि माझा उजेड त्याच्या काचेवर पडत होता. आता कळू दे त्याला, असं मला वाटलं.

माझं सुख किती टिकावं? चुलीवरची भाकरी भाजून होईपर्यंतही नाही. दिवेलागणीला पावसकडचा एक गडी इस्पितळातून सायकल दामटत आला. शालनवहिनीचा धाकटा भाऊ सहदेव तिकडे एका बागेत आंबे उतरवायला होता. उंच फांदीवरून तो खाली कातळावर पडला होता. बागवाल्याने जीपमधून त्याला रत्नागिरीच्या इस्पितळात पोचवलं होतं. पोटात रक्त साचतंय, त्याला ताबडतोब कोल्हापूरला हलवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. इस्पितळाची गाडी लांज्याला गेलेली. धोंडूची गाडी आमच्या दारात उभी होती, पण तिचा टप बोडका होता.

तसंच निघू, असं सायकलवाला म्हणाला. धोंडूने मान हलवली. आंब्याचा मोसम ऐन भरात होता. आंब्याच्या पेट्या भरलेले ट्रक संध्याकाळी निघायचे आणि कोल्हापूरच्या वाटेवरच्या आंबा घाटात त्यांची रांग लागायची. चढावर इंजिनं अशी बोंबलत असतात की मागच्या गाडीचा भोंगा कुणाला ऐकू येत नाही. आरशात दिवा लखलखला तरच ट्रकवाला बाजूला होतो. दिव्याशिवाय गेलो तर घाटातच अडकून पडू, असं तो म्हणाला.

आत्मारामने मला उचललं आणि थेट गाडीच्या टपावर नेऊन ठेवलं. होय, मित्रांनो, मी टपावर होतो. धोंडूने सुंभाची दोरी माझ्यावरून घेतली, दोन्ही दारांच्या कड्यांना करकचून बांधली आणि होडीवरच्या गाठी मारल्या. आत्मारामने हाताने मला हलवून पाहिलं. मी सरकलो. धोंडूने दोरी आणखी आवळली. मी सगळी ताकद लावून टपाला चिकटायचा प्रयत्न केला. पुन्हा हलवलं, पुन्हा सरकलो. गुळगुळीत पत्र्यावर बिनपायाचा मी किती धरून राहणार? पहिल्या वळणावर मी खाली येणार आणि मागच्या माणसाच्या डोक्यात बसणार, हे त्या दोघांना कळलं. मलाही कळलं, पण मी कबूल करायला तयार नव्हतो.

टपावर धाकट्याच्या पायांची भोकं होती. धाकट्याला पाय होते.

आत्मारामने मला खाली काढलं. माझ्या पोटातून पेटी काढली, ती दुसऱ्यांदा. तेवढ्याने भागणार नव्हतं. त्याने माझी डावीकडची नळी काढली, डावीकडची काच काढली, कडेचं कोरडं रबरसुद्धा ओरबाडून घेतलं. सगळं एकेक करून धाकट्याला बसवू लागला. शालनवहिनी टॉर्चचा उजेड धरून उभी होती. आत्माराम माझ्याकडे पाहून क्षणभर थबकला. इतक्या वर्षांपूर्वी दिलेला शब्द आपण आज पाळायला निघालो होतो, हे त्याच्या मनात आलं असावं. तो हळूच म्हणाला की थोरल्याच्या वाट्याला पुन्हा तेच आलं.

"थोरला काय नि धाकटा काय," शालनवहिनी म्हणाली. "कोणीतरी पेटवा. मला माझा भाव जिता हवा."

 तिचं म्हणणं मला पटलं, मित्रांनो. अगदी पूर्ण पटलं. पण पटलं म्हणून जळायचं थांबलं, असं मात्र झालं नाही. धाकटा टपावर चढला, बोल्ट आवळले, पेटी गुणगुणली आणि तो दोन्ही बाजूंनी लखलखला. शालनवहिनी गाडीत बसली. गाडी रस्त्याला लागली आणि तो निळा झोत लांब जाईपर्यंत माझ्या उरलेल्या काचेवर पडत राहिला. या वेळी मला चमकल्याचा राग आला की नाही, ते मला आठवत नाही. मी फक्त ती गाडी परत कधी येते, याची वाट पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडू आला. सहदेवचं ऑपरेशन झालं होतं, तो जगणार होता. ही बातमी सांगताना धोंडू रडला आणि मग धाकट्याची काच पुसायला लागला, कोरड्या फडक्याने.

सहदेव आमच्या दुकानात आला तो भातं कापून झाल्यावर. काठी घेऊन चालत होता, पण चालत होता. बाकावर बसून त्याने ती रात्र आत्मारामला सांगितली. गाडीत पडल्या पडल्या त्याला दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून घाटातली झाडं निळ्या उजेडात चमकताना दिसत होती. दुखण्याने डोळे मिटायचे, आणि तो उजेड पुन्हा उघडायला लावायचा. पुढचे ट्रक एकामागून एक बाजूला होताना ऐकू येत होते. त्या उजेडाची सोबत होती म्हणून आपण जागे राहिलो, असं तो म्हणत होता. मग त्याला काहीतरी आठवलं.

"भावोजी, एक विचारू? त्या दिव्याची डावी बाजू जास्त लखलखीत का हो? उजवीचा उजेड मळकट वाटायचा."

आत्मारामने माझ्याकडे बोट केलं. 

सहदेव उठला. काठी टेकत माझ्यासमोर आला. माझी डावी बाजू रिकामी होती, तिथे कोळ्याने जाळं केलं होतं. त्याने खांद्यावरचा पंचा काढला, ते जाळं पुसलं आणि त्या रिकाम्या जागेवर थोडा वेळ हात ठेवून उभा राहिला. मंडळाच्या गृहस्थांचं भाषण नव्हतं, टाळ्या नव्हत्या, नारळ नव्हता. पण धाकट्याला असा हात कुणी लावलेला मी पाहिलेला नाही.

मी अजून याच खिळ्यावर आहे. पेटीचं नाव आता आत्माराम काढत नाही आणि मीही मुंबईकरांच्या बॅगांत डोकावत नाही. धाकटा रोज दारावरून जातो. त्याला पाहिलं की माझं पोट दुखतं, ते दुखणं काही जायचं नाही. तेव्हा मी तुम्हाला, मित्रांनो, कुणाचा हेवा करू नका, असं सांगणार नाही. ते माझ्या तोंडी शोभणार नाही. मी दोनच गोष्टी मागतो. जुनी वस्तू मोडीत काढताना तिचे बोल्ट नीट सोडवा, घाईने करवत चालवू नका. आणि रस्त्यात मागून लखलखता दिवा आला की सायकल असो, बैलगाडी असो, लगेच बाजूला व्हा. आत कुणाचातरी भाऊ असतो.

गाडी पुढे गेल्यावर शेजारचा कुणी म्हणालाच की काय छान दिवा आहे, तर त्याला एवढं नक्की सांगा, की त्याची डावी बाजू थोरल्याची आहे.